सौनाला कुलूप

१३ ऑगस्ट, शनिवार

आज पाला कापला. डॉक्टर म्हणतात औषध म्हणा, सरकारी कार्डावर त्याचं आणखी लांबलचक नाव आहे, शेजारी सरळ गांजा म्हणतात, आणि माझी नणंद लेम्पी त्याला सैतानाचा पाला म्हणते. मी सैतान वगळते आणि पाला ठेवते. ज्याच्यासाठी तो लावला त्या माझ्या नवऱ्याला, रेनोला, नावाशी काही देणंघेणं नाही. नसांच्या दुखण्याने त्याचे पाय दोरखंडासारखे पिळतात, तेव्हा दोन झुरक्यांत गाठ सुटते. जन्मभर लाकडांचे ट्रक हाकलेला माणूस आता खुर्चीतून उठताना माझ्या खांद्याकडे बघतो. पाला मिळाला की निदान रात्रभर झोपतो.

रुग्ण म्हणून कार्ड त्याचं, आणि त्याच्यासाठी झाडं लावायची परवानगी माझ्या नावावर. एक अट मात्र प्रत्येक कागदावर ठळक छापलेली आहे: सगळं कुलपाआड, आणि किल्ली फक्त माझ्याकडे. झाडं वाढतात त्या मागच्या शेडला मी तसं कुलूप लावलंही आहे. पण शेड दमट. गेल्या खेपेला अर्धा पाला बुरशीने गेला. म्हणून या वेळी तुरे सौनाच्या बाहेरच्या खोलीत टांगले. तिथे आम्ही कपडे उतरवतो आणि आत वाफेत अंगावर मारायच्या, घासायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या वाळवतो. त्याच खिळ्यांवर टांगले. तिथल्यासारखी कोरडी ऊब दुसरीकडे कुठे मिळायची?

सौनाला कुलूप नाही. रेनोच्या आजोबांनी घराच्या आधी सौना बांधला, आणि बर्फात वाट चुकलेल्याला दार उघडं असावं म्हणून साधी कडीही लावली नाही. आमच्या रस्त्यावर कुणाच्याच सौनाला कुलूप नाही. मी तुऱ्यांवर जुनी चादर टाकली.

"चादर म्हणजे कुलूप वाटतं?" रेनो म्हणाला.

"शनिवारी येतात ते सगळे आपलेच आहेत."

"तेच तर म्हणतोय," तो म्हणाला. खवचट मेला.

२० ऑगस्ट, शनिवार

सौना छान तापला होता. नेहमीप्रमाणे बायका आधी: मी, शेजारची सिल्वी आणि लेम्पी. लेम्पीने चादरीकडे असं पाहिलं, जणू खाली प्रेत आहे.

"देवाच्या घरात दारू चालत नाही, आणि माझ्या भावाच्या सौनात हे!"

"सौना देवाचं घर कधीपासून झालं गं?" सिल्वी म्हणाली.

"देवळाइतकं शांत बसायचं असतं इथे. तुला कधी जमलंय?"

बिचारीचे हात फार वाईट झालेत. बोटांची पेरं सुजून अक्रोडाएवढी झालीत. मूठ मिटत नाही. ब्लाउजची बटणं सिल्वीने काढून दिली. निघताना आम्ही लावून देऊ म्हटलं तर खेकसली, "जा तुम्ही, माझं मी बघते." ती बराच वेळ आतच होती. ताठ मान आणि वाकडी बोटं, दोन्ही एकाच बाईला देऊन देवाने काय साधलं कोण जाणे.

मग पुरुष. सिल्वीचा नवरा टाउनो आपल्या जावयाला घेऊन आला होता. ब्रॅड त्याचं नाव, दक्षिणेकडच्या शहरातला, केस बारीक कापलेले. बायकांचं आटपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होता. बिअर नको म्हणाला, भाजलेलं सॉसेज मात्र तीन वेळा मागून घेतलं. चांगला मुलगा वाटला.

२८ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर लेम्पी निसू घेऊन आली. वेलदोड्याचा तो गोड पाव तिने दोन वर्षांत केला नव्हता, कणीक मळायला हात चालतच नव्हते. आणि आज तीन पेडांची सुबक वेणी! मी म्हटलं, "अगं, हात बरे झाले की काय?" तर म्हणाली, "प्रार्थना करते मी. तूही करून बघ." तिच्या हातांना हंसाच्या चरबीचा आणि आणखी कसला तरी रानटी वास येत होता. म्हातारपणी माणसं काय काय चोपडतात.

पाला वाळला. बरण्यांत भरला. थोडा कमी भरला असं वाटलं, पण वाळल्यावर आटतोच.

१ सप्टेंबर, गुरुवार

कार्ल नीमी आला होता. शेरीफचा माणूस. लहानपणी माझ्या शाळेच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून नाक पुसायचा. आमच्या सौनात त्याने शंभरदा अंग शेकलंय. आज गुरुवारी आला, तोही टोपी घालून, आणि मागे राज्य पोलिसांची दोन माणसं.

"साइमामावशी, मला आत यावं लागेल."

"ये की. दार कधी बंद होतं?"

"तेच लिहिलंय कागदावर," तो म्हणाला, आणि त्याला रडू येईल की काय असं मला वाटलं.

शेडमधली उरलेली झाडं उपटली. बरण्या नेल्या. बर्चच्या जुड्याही नेल्या, त्या दोघांना फरक कळेना. कार्लने सांगितलं तर म्हणाले, तपासात कळेल. रेनो खुर्चीतून म्हणाला, "तपासात कळेल की माझी पाठ खाजतेय. एक तरी जुडी ठेवा."

माझ्यावर दोन कलमं. एक, पाला कुलपाआड ठेवला नाही. दुसरं भारी: कार्ड नसलेल्या बाईला पाला दिला. ते सिद्ध झालं तर तुरुंग. कुठली बाई? मी कुणाला दिला? कार्ल म्हणाला, "मला सांगू नका मावशी. वकिलाला सांगा."

हे लेम्पीचंच काम. देवाच्या नावाने भावाला उघडं पाडलं तिने. तिचं तोंड पाहायची इच्छा नाही.

३ सप्टेंबर, शनिवार

तरीही सौना तापवला. तापवला नाही तर लोकांनी म्हणायचं, चोर होती म्हणून लपली.

एकटा टाउनो आला. आत आला नाही, टोपी हातात घेऊन लाकडांच्या ढिगाशी उभा राहिला.

"ब्रॅड राज्य पोलिसात आहे. मी तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, सुट्टीवर आलाय."

"माझी सॉसेजं खाऊन?"

"तो म्हणतो, बघितल्यावर कळवलं नाही तर त्याचीच नोकरी जाते. आणि बाकावरून त्याला एक बाई टॉवेलात काहीतरी गुंडाळून जाताना दिसली. लांबून कोण ते कळलं नाही म्हणतो."

म्हणजे लेम्पी नव्हे. मला खरंच लाज वाटली, दोन दिवस मी तिला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या! टॉवेलवाली सिल्वीच असणार, म्हणून तर जावयाला 'कळलं नाही'. ती माझ्या परसातले ऱ्हुबार्बचे आंबट देठही विचारल्याशिवाय तोडते. पण टाउनोच्या तोंडावर हे कसं म्हणायचं? त्याला म्हटलं, "पाणी तापलंय, आत जा." गेला. आतून त्याचं नाक शिंकरणं ऐकू येत होतं.

९ सप्टेंबर, शुक्रवार

सरकारने दिलेली वकील, मिस पेल्टियर, माझ्या भाचीच्या वयाची आहे. बोलते स्पष्ट.

"मिसेस कांगास, दोनच शक्यता आहेत. तुम्ही दिलंत तर गुन्हा तुमचा. तिने चोरलं तर गुन्हा तिचा, तुमच्यावर फक्त कुलपाचा. मधलं काही नाही."

"आमच्याकडे मधलंच असतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी देत नाही आणि कुणी चोरत नाही. लागतं ते घेतात. टाउनोची शिडी माझ्या गोठ्यात आहे, माझी करवत त्याच्याकडे. कुणी कुणाला विचारलं होतं?"

तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे तुम्ही न्यायाधीशासमोर बोलू नका."

२५ सप्टेंबर, रविवार

पाला नाही म्हणजे नाही. झाडं सरकारकडे, बरण्या सरकारकडे, आणि खटला चालू असेपर्यंत मी एक बीसुद्धा पेरायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या गोळ्यांनी रेनो दिवसभर गुंगीत असतो आणि पाय तरीही पिळतात. आज दुपारी कळ आली तेव्हा त्याने खुर्चीचा हात धरला, तो हातात तुटून आला. "लाकूडच जुनं होतं," म्हणाला. मी मागच्या दारात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

लेम्पी आली होती. भावाच्या पायांशी जमिनीवर बसली आणि कळ ओसरेपर्यंत ते दाबत राहिली. एक शब्द नाही, एक वचन नाही बायबलातलं. तिला रडताना मी तिच्या आईच्या मयतीनंतर पहिल्यांदा पाहिलं. "माझ्यामुळे," म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्यामुळे काय बाई? तू तर आधीपासून ओरडत होतीस, ऐकलं नाही ते मी." तर जास्तच रडायला लागली. रक्ताचं नातं शेवटी.

६ ऑक्टोबर, गुरुवार

सरकारी वकिलाचा निरोप आला. त्या शनिवारी सौनात आलेल्या बायकांची नावं तुमच्या सहीने लिहून द्या. मग त्या बायकांना बोलावून विचारतील, आणि माझं भारी कलम मागे घेतील. परवानगीही शाबूत राहील, रेनोला पाला मिळेल.

नाव दिलं नाही तर दुसरी वाट: कुलपाचा गुन्हा कबूल करायचा, भारी कलम सोडतील, पण वर्षभर प्रोबेशन, म्हणजे सरकारी नजरेखाली राहायचं, आणि परवानगी जाणार. माझ्या हाताला पाला लागला तर थेट आत.

घरी येऊन रेनोला सगळं सांगितलं. त्याचे पाय, निर्णय त्याचा. म्हटलं, तू सांगशील ते करते.

तो म्हणाला, "सिल्वी तुरुंगात गेली तर टाउनोला स्वयंपाक कोण करून घालणार? तो आपल्याकडेच येऊन बसेल रोज. त्यापेक्षा पाय पिळलेले परवडले."

"चेष्टा नको, रेनो."

"चेष्टा नाही. माझ्या आजोबांच्या सौनात शिरताना माणूस अंगावरचं सगळं उतरवून शिरतो. तिथून नावं बाहेर न्यायची नाहीत. पायांचं माझं मी बघतो."

मग ठरलं. उद्या पेल्टियरबाईंना सांगायचं. मला भीती वाटतेय, रेनोची जास्त. पण नाव देणार नाही. सिल्वीने घेतलं असेल तरी नाही, आणि तिने घेतलं नसेल तर मुळीच नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात कार्ल भेटला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "लेम्पीआत्या काल ऑफिसात येऊन बसली होती. तासभर. मी विचारलं काय काम, तर म्हणाली कॉफी आहे का. दोन कप प्यायली आणि उठून गेली. बरी आहे ना ती?"

मी तिला घरी गाठून विचारलं. ती भांडी घासत होती, म्हणजे घासायचा प्रयत्न करत होती. थंडी पडली तशी बोटं पुन्हा आखडलीत, कप हातातून सुटला.

"कशाला गेली होतीस?"

"नाव दे, साइमा. कुणाचं तरी दे. पहिलं माझं दे."

"तुझं? तू तर चिमट्यानेही त्याला हात लावणार नाहीस. कोर्टात लोक हसतील."

एवढी कर्मठ बाई, भावासाठी खोटा आळ घ्यायला निघाली. मी तिला मिठी मारली. आमच्यात ही रीत नाही, तिला काय करावं कळेना, ओले हात धरून नुसती उभी राहिली.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

झालं. कबूल केलं.

न्यायाधीशाने विचारलं, "कुणी नेलं, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं. खरंच तर आहे. सिल्वीचा संशय आहे. संशय म्हणजे माहिती नव्हे.

"नावं का देत नाही?"

पेल्टियरबाईंनी माझा कोपर दाबला. मी म्हटलं, "साहेब, आमच्या सौनात लोक मन हलकं करायला येतात. मी यादी दिली तर उद्यापासून कुणी येणार नाही, आणि बर्फात अडकलेला माणूसही विचार करील, आत जावं की न जावं." मग दंड, प्रोबेशन, परवानगी रद्द. म्हणाले, कायदा तुमच्या चालीरीतींवर चालत नाही. बरोबरच आहे त्यांचं. कुलूप मी लावायला हवं होतं, ते मी नाकारत नाही.

मागच्या बाकावर लेम्पी चर्चचा काळा कोट घालून बसली होती आणि रुमालात तोंड खुपसून रडत होती. घराण्याची अब्रू गेली म्हणून असेल. तिची पर्स पडली, ती उचलून मीच उघडून दिली.

५ नोव्हेंबर, शनिवार

आता परवानगी कुणाच्या तरी नावावर हवी. सज्ञान, निष्कलंक, आणि सरकारदप्तरी आपलं नाव गांज्याशी जोडून घ्यायला तयार. सगळा रस्ता पालथा घातला. सौनात येताना सगळ्यांना दार सापडतं, आता कुणालाच सापडेना. टाउनो म्हणाला, "साइमा, हरणांचा हंगाम तोंडावर आलाय. राज्याला गांजा चालतो, वरच्या सरकारला नाही. गांज्याच्या यादीत नाव गेलं आणि त्यांनी बंदुका काढून घेतल्या तर? बंदुकीशिवाय मी नोव्हेंबरात काय करू?" पाळकबुवा म्हणाले, प्रार्थना करतो. सिल्वीला विचारलंच नाही. पण तिनेच अडवलं रस्त्यात: "मला ठाऊक आहे तुला काय वाटतं ते. मी फक्त ऱ्हुबार्ब नेला, साइमा. पोरांची शपथ." तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला ते पटलं. मग कोण?

चिडून घरी आले. रेनोला सांगत होते, एक माणूस नाही या रस्त्यावर, एक! तेवढ्यात लेम्पी दारात. कोट काढला नाही, बसली नाही.

"अर्ज कुठे करायचा?"

"कसला?"

"परवानगीचा. माझ्या नावावर घ्या. तळघर कोरडं आहे माझं, आणि कुलूप आहे त्याला."

रेनो म्हणाला, "लेम्पी, चर्चवाले काय म्हणतील?"

"मी चर्चला काल सांगून आले. पाळकबुवांना चहा गेला नाही त्यानंतर. तू तोंड मीट आणि अर्ज काढ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सगळा गाव फिरले, आणि जिला विचारायचं मनातही आलं नाही ती दारात उभी होती.

१८ फेब्रुवारी, शनिवार

बर्फ खिडकीच्या काठापर्यंत. रेनोने हिवाळाभर जे भोगलं ते मी लिहीत बसत नाही. लेम्पीच्या तळघरातला पहिला पाला या आठवड्यात हाती आला. सोमवारी रात्री तो झोपला. मी जागीच राहिले, त्याचं घोरणं ऐकत.

किल्ली लेम्पीच्या गळ्यात असते, क्रुसाशेजारी. मी तळघराच्या पायऱ्याही उतरत नाही. प्रोबेशनवाली बाई महिन्यातून एकदा येऊन विचारते, पाल्याला हात लावला का, कुणी दिला-घेतला ते माहीत आहे का. मी खरं ते सांगते: नाही आणि नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी लेम्पीचंही कार्ड केलं, हातांसाठी. "डॉक्टर मागेच लागले," ती म्हणते. तिच्या मागे लागलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

आज सौना तापवला. टाउनोने बाहेरच्या खोलीतले खिळे नवे ठोकून दिलेत, त्यांवर फक्त बर्च. दाराला कडी नाही. सिल्वी सर्दीने आली नाही, आम्ही दोघीच. कपडे उतरवताना लेम्पीने पिशवीतून एक छोटी बरणी काढली आणि बोटांना मलम लावायला लागली. हंसाची चरबी, आणि तो रानटी वास. मला तो वास ओळखीचा वाटला. ऑगस्ट. तीन पेडांची वेणी. तेव्हा तिच्याकडे कार्ड नव्हतं. कुणाकडेच नव्हतं, रेनोखेरीज. आणि त्या शनिवारी मागे एकटी कोण राहिली होती? मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले.

तिने माझं तोंड पाहिलं. बरणीचं झाकण लावायलाही विसरली.

"साइमा," ती म्हणाली, "मला तुला काहीतरी सांगायचंय. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

माझ्या मनात काय काय आलं! रेनोचा तुटलेला खुर्चीचा हात आला. कोर्टातला काळा कोट आला. राग आला, खोटं कशाला बोलू, खूप राग आला. आणि त्यातच कार्लच्या ऑफिसात तिने प्यायलेली कॉफीही आठवली.

"सांगू नकोस," मी म्हटलं.

"पण मला..."

"लेम्पी, ती बाई गुरुवारी येणार आहे. ती विचारणार, माहीत आहे का. तू सांगितलंस तर मला माहीत होईल. मी आजवर खोटं बोलले नाही आणि या वयात शिकणार नाही. आत चल, दगड निवतायत."

आम्ही वरच्या फळीवर बसलो. मी भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता, हुंदका तेवढा ऐकू आला. मी तिच्याकडे पाठ केली आणि डहाळ्यांची जुडी मागे दिली.

"घास."

ती घासायला लागली. आधी हळू, मग जोरात. गेल्या ऑगस्टात बटण न निघणारे ते हात. आता पाठ सोलून निघेल असा जोर. मी हूं की चूं केलं नाही. फक्त म्हटलं, "अजून जरा वर."